हिरव्या दाराच्या घरातली आई

"बोट जरा नीट दाखवा, मावशी. पाहुण्यांना लांबून दिसलं पाहिजे," कॅप्टन म्हणाला.

बटणवालीने हात उचलला, पण बोट काही सरळ होईना. सगळं आयुष्य सुई धरण्यात गेलेलं, त्यामुळे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना सोडायला तयार नसायची. समोर ओळीत उभे केलेले पुरुष हसू दाबत होते. त्यातला एक, म्हणजे कॅप्टनच्या कागदाप्रमाणे तिचा मुलगा, तो मोठ्याने म्हणाला, "साहेब, आई आमटीत मीठ टाकतेय असं वाटतंय."

हशा पिकला. कॅप्टनही हसला आणि म्हणाला, "उद्यापर्यंत जमेल. घरी आरशासमोर करून बघा."

शहराबाहेरच्या माळावर प्लायवूड आणि पत्र्याचं एक गाव होतं. त्यात घरं होती, दुकान होतं, शाळेची पाटीसुद्धा होती, फक्त राहत कोणी नव्हतं. दोन मित्रदेशांच्या फौजा दरवर्षी तिथे एकत्र सराव करायच्या. एक फौज घरची, दुसरी पाहुणी. लढायचं कोणाशी हे कोणी सांगत नसे, पण लढायला गाव लागायचं आणि गाव म्हटलं की माणसं आलीच. ती मुकादम बस भरून आणायचा. कोणी दुकानदार, कोणी मास्तर, कोणी जखमी, कोणी मेलेला. मेलेल्याच्या कामावर सगळ्यांचा डोळा असायचा, कारण सावलीत पडून राहायला मिळे.

बटणवाली गेली काही वर्षं गर्दीत असायची. एकदा तिला मेलेल्यात घेतलं होतं, पण ऐन वेळी तिला शिंक आली आणि ती जागा कायमची हातची गेली. एरवी ती शिंप्यांकडून आलेल्या कपड्यांना काजं करायची, बटणं लावायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरातली पुढची अरुंद खोली तिची, आणि खिडकीतला उजेडही तिचाच, कारण काज उजेडाशिवाय होत नाही.

यंदा मुकादमाने तिला आई केलं. बोलायचं काम, रोजही, म्हणजे दिवसाची मजुरीही, जास्त. हिरव्या दाराच्या घरात तिचा मुलगा लपलाय, असं कागदात होतं. सैनिक झडती घेणार, मुलगा मागच्या दाराने पळून गावातल्या पुरुषांत मिसळणार. मग सगळ्या पुरुषांना मैदानात ओळीत उभं करायचं आणि पाहुण्या फौजेच्या सार्जंटने आईला विनवायचं, अगदी आदराने, तीनदा. तिसऱ्या वेळेला आईचा विश्वास बसतो आणि ती मुलाकडे बोट दाखवते. सरावाचा सगळा जीव त्या बोटात होता. विश्वास कसा जिंकायचा, हेच तर दोन्ही फौजा शिकत होत्या.

"नीट विचारलं की सांगून टाकायचं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हो. ते चांगले लोक आहेत, असं तुम्हाला पटतं."

"चांगल्या लोकांना कोणी पोर देऊन टाकतं का?"

"मावशी, सराव आहे हो," कॅप्टन म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त पुढच्या घरात जायची घाई होती.

मुलगा चाळिशीला टेकलेला, पुढून टक्कल पडलेला. मालवाहू गाडीवर ड्रायव्हर होता. मालकाने गाड्या विकल्या आणि हा रिकामा झाला. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो तिच्याशेजारी डबा घेऊन बसला.

"तुझ्या डब्यात काय आहे, आई?"

"मला 'तू' काय म्हणतोस? मी तुझ्या आईच्या वयाची आहे."

"म्हणून तर. आईला कोणी अहोजाहो करतं का?"

तिने डब्यातलं अर्धं त्याच्या झाकणात काढून दिलं. त्या दिवसापासून तो तिची जागा धरून ठेवू लागला, बसमध्ये तिची पिशवी वर चढवू लागला आणि माणसांदेखत आई म्हणू लागला. थट्टाच होती ती. पण तिला या शब्दाने कधी कोणी हाक मारली नव्हती, थट्टेनेही नाही. पहिल्यांदा तर तिने मागे वळून पाहिलं होतं, कोणाची आई आलीय म्हणून.

त्याच्या शर्टाचं वरचं बटण नव्हतं. तिच्या नजरेला असली गोष्ट टोचतेच. तिने पिशवीतून सुई काढली, दोरा दुहेरी ओवला.

"हलू नकोस. टोचेल."

"टोचलं तर बाबांना सांगेन."

"बाबा कोण ते साहेबांनी अजून लिहिलेलं नाही," ती म्हणाली, आणि दोघं एवढी हसली की शेजारचा मेलेला उठून बसला.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती खरंच आरशासमोर उभी राहून बोट सरळ करत होती. जाऊ दारात येऊन बघत राहिली.

"हे काय चाललंय?"

तिने सगळं सांगितलं. थोड्या अभिमानानेच सांगितलं.

"आईचं काम? तुला?" जाऊ हसली. मग कपडे घडी करता करता सहज म्हणाली, "बरंय, तुलाच दिलं ते. आम्हाला नसतं जमलं. खोटं खोटंसुद्धा पोराकडे बोट दाखवायचं म्हणजे हात गळून पडला असता. तुझं तसं नाही ना, तुला जमेल."

जावेच्या मनात काही नव्हतं. असं तिच्या मनात कधीच काही नसायचं, म्हणूनच तिचं बोलणं खोल जायचं. बटणवालीने आरसा भिंतीकडे फिरवला आणि काजं करायला बसली. एक काज वाकडं गेलं, ते उसवून तिने पुन्हा केलं. तिला राग आला होता. कसला, हे उमगायला तिला फार वेळ लागला नाही. लोकांनी तिला आई म्हणायचं ठरवलं, तेही पोर धरून देण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती दोरी बांधली होती, कडेला मांडव घातला होता. दोन्ही देशांचे मोठे साहेब खुर्च्यांवर बसले होते. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला पंच हातात शिट्टी घेऊन फिरत होता. झडती झाली, हिरवं दार वाजलं, मुलगा ठरल्याप्रमाणे मागून पळाला. पुरुष ओळीत उभे राहिले. बटणवालीला पुढे आणलं.

पाहुणा सार्जंट उंच, उन्हाने लाल झालेला. शिकवल्याप्रमाणे त्याने काळा चष्मा काढला, शिरस्त्राण काढलं, एक गुडघा टेकला आणि हात छातीवर ठेवला. दुभाषी म्हणाला, "आई, आम्ही तुमच्या मुलाला काही करणार नाही. फक्त बोलायचंय. तो यांच्यात आहे का?"

ती गप्प राहिली. पहिल्यांदा गप्पच राहायचं होतं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर सगळ्या मांडवाचे डोळे तिच्या हाताकडे लागले.

ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. प्रत्येकाचा चेहरा पाहिला. ड्रायव्हरसमोरही तेवढाच वेळ थांबली, जेवढा बाकीच्यांसमोर. मग परत आली.

"यात माझा मुलगा नाही."

दुभाषी खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, असं नाहीये. बोट दाखवायचंय."

"यांना सांगा, नाही म्हणून."

त्याने सांगितलं. पाहुण्यांना वाटलं, यजमानांनी मुद्दाम कागद बदलून आपली परीक्षा मांडलीय. ते अधिकच आदराने वागू लागले. एकाने पाण्याची बाटली आणली. पाणी पिऊन तिने बाटली परत दिली आणि ती जमिनीवर फतकल मारून बसली. ओळीतून ड्रायव्हर ओठ न हलवता पुटपुटला, "आई, दाखव ना. रोज जाईल तुझा. मला पण भूक लागलीय."

"गप्प बस," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

मांडवामागून कॅप्टन आला आणि तिच्याजवळ वाकला. "मावशी, काय चाललंय? हे सगळं खोटं आहे, कळतंय ना?"

"कळतंय. मग सापडला नाही, असं खोटं करा."

"तुमच्यामुळे सगळं अडलंय."

"अडू दे. हा कागद लिहिणाऱ्याला आई नव्हती का, एवढं फक्त विचारून या."

कॅप्टनने काही उत्तर द्यायच्या आत सार्जंटने खिशातून एक फोटो काढून तिच्यापुढे धरला. फोटोत घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, मांडीवर मांजर. दुभाषी म्हणाला, "ही त्यांची आई आहे. ते म्हणतात, मलाही आई आहे, माझ्यावर विश्वास ठेवा."

बटणवालीने फोटो उजेडात धरून नीट पाहिला. म्हातारीच्या स्वेटरचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं.

"छान आहेत. यांना विचारा, यांच्या आईने दाखवलं असतं का?"

दुभाषी अडखळला. पण सांगायचं हेच त्याचं काम, त्याने सांगितलं. सार्जंट फोटोकडे बघत राहिला. मग त्याने फोटो खिशात ठेवला, उठून उभा राहिला आणि थोडक्यात काही बोलला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, नाही. तिने दाखवलं नसतं."

"मग झालं तर," बटणवाली म्हणाली.

पंचाने शिट्टी फुंकली. साहेब लोक खुर्च्यांवरून उठून बोलू लागले. मुकादम धावत आला आणि तिला दंडाला धरून दोरीपलीकडे घेऊन गेला. "आजचा रोज विसर. आणि पुढच्या वर्षी तोंड दाखवू नकोस. माझं नाव घालवलंस." तिने दंड सोडवून घेतला.

चहा झाल्यावर सगळं पुन्हा केलं. मेलेल्यांतल्या एका बाईला उठवून आई केलं. दुसऱ्यांदा फोटो दाखवू नकोस, असं सार्जंटला कोणी सांगितलं नसावं, पण त्याने तो खिशातून काढलाच नाही. नव्या आईने पहिल्याच विनवणीला सरळ, ठळक बोट दाखवलं. मांडवात टाळ्या पडल्या. सैनिकांनी ड्रायव्हरला धरलं, हात मागे बांधले, ओढत नेलं. नेताना त्याने "आई" म्हणून ओरडायचं, असं कागदात होतं. तो ओरडला. पण ज्या बाईने बोट दाखवलं होतं तिच्याकडे न बघता, मान वळवून दोरीकडे बघून ओरडला.

बटणवाली उभी राहिली. दोरीवरचा शिपाई तिला खाली बस म्हणाला. ती बसली नाही. ड्रायव्हरला गाडीत कोंबून गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उभीच होती.

संध्याकाळी बस लागली. गावकरी चढले, मुकादमाने डोकी मोजली आणि बसवाल्याला निघायला सांगितलं.

"माझा मुलगा यायचाय," बटणवाली म्हणाली.

"पकडलेल्यांना उशिरा सोडतात. ते येतील मागच्या गाडीने. तू चढ."

ती चढली, पण एकच पाय. दुसरा जमिनीवर ठेवून तिने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. बसवाल्याने भोंगा वाजवला. आतले लोक कुरकुरले, कोणाची पोरं घरी वाट बघत होती, कोणाला पाणी भरायचं होतं. मुकादम तिला काय काय बोलला. आज तिच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याचा आवाज वाढत गेला. तिने दांडा सोडला नाही.

बऱ्याच वेळाने प्लायवूडच्या शाळेमागून ड्रायव्हर येताना दिसला. मनगटं चोळत, सावकाश. शर्ट खांद्यावर उसवून लोंबत होता.

"कशाला थांबलीस? दुसरी गाडी होती की."

तिने त्याच्या गळ्याशी हात नेला आणि वरचं बटण ओढून पाहिलं. ते जागचं हललं नव्हतं.

"चढ आधी," ती म्हणाली, आणि तो आत गेल्यावर तिने दुसरा पाय वर घेतला.