गळ्यातला लाल पट्टा

मी पाठीवरचा पंप बोलतोय. तणनाशक फवारायचा. जरा चार पावलं लांबूनच ऐका. तसा आता मी कोणाच्या वाटेला जात नाही, पण सवय चांगली.

सोळा लिटरचं पोट, डाव्या बाजूला दांडा, उजवीकडे रबरी नळी आणि तिच्या टोकाला बोटभर नोझल, हा माझा सगळा थाट. साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे शेकडो होते, त्यामुळे बाळपणाच्या आठवणी विचारू नका. दुकानात छताला टांगून घेत दिवस काढले. मग एक दिवस मामा आले.

मामा म्हणजे एका क्लबच्या मैदानाची हिरवळ राखणारे गृहस्थ. लहानथोर सगळे त्यांना थेंबमामा म्हणायचे, कारण औषध मापताना ते हटकून पुटपुटायचे, "एक थेंब जास्त नको, एक थेंब कमी नको." त्यांनी मला विकत घेण्याआधी दुकानातच पाण्याने भरलं आणि कुठे गळतोय का ते बघत दहा मिनिटं माझ्यासमोर बसून राहिले. दुकानदार वैतागला.

"अहो, पंप घेताय की जावई?"

"जावयाला पाठीवर घ्यावं लागत नाही," मामा म्हणाले, आणि मला उचलून निघाले.

घरी आल्या आल्या त्यांनी तेलरंगाचा डबा काढला आणि माझ्या गळ्याभोवती दोन बोटं रुंद लाल पट्टा ओढला. मग मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारली. "हे बघून ठेव. लाल पट्टा दिसला की हात लावायचा नाही. हा क्लबवरच राहणार. तुझ्या गुलाबाजवळ तर याची सावलीसुद्धा नको."

यात माझा अपमान नव्हता. माझ्या पोटातलं औषध मोठं चमत्कारिक. ते गवताच्या पात्याला सोडून देतं आणि रुंद पानाच्या तणाला बरोब्बर धरतं. जमिनीला चिकटून पसरणारी ती पिवळ्या फुलांची, तीन-तीन पानांची बेरकी मंडळी दोन दिवसांत मान मुरडतात, देठ पिळवटतात आणि मग संपतात. पण रुंद पानांत तण कुठलं आणि लाडाचं झाड कुठलं, हे औषधाला कुठलं कळायला! ते माणसानेच बघायचं असतं.

आणि मामा बघायचे. फवारणीच्या दिवशी आधी रुमाल चिमटीत धरून उंच करायचे. रुमाल जरा जरी हलला की, "आज वारा आहे, आज नाही." क्लबचे चिटणीस घड्याळ दाखवत राहायचे, पण मामा ढिम्म. पावसाचे ढग दिसले तरी नाही, उन्हाने तण सुकलेलं असलं तरी नाही. "ते वाढत असतं तेव्हाच औषध पितं हो, मलूल असताना नाही," असं म्हणून ते मला पुन्हा खुंटीला अडकवायचे. फवारायला निघाले की चाल एकसारखी, दांडा एकसारखा. आणि काम झालं की मला तीनदा धुवायचे. प्रत्येक वेळी नवं पाणी, ते नळीतून नोझलपर्यंत काढायचं. कंबर मोडून आलेली असायची, घामाने सदरा चिंब असायचा, पण तीन म्हणजे तीन. एकवीस वर्षं त्यांच्या पाठीवर बसलो. त्या पाठीचं पोक माझ्यामुळे आलं असं मामी म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

आता त्या गुलाबाबद्दल सांगतो. मामींचं माहेरचं घर विकलं गेलं त्या वर्षी त्यांची आईही गेली. सामान भावंडांत वाटलं गेलं. मामींनी मागितली फक्त अंगणातल्या गुलाबाची एक फांदी. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या ती घरी घेऊन आल्या होत्या. ती लागली, वाढली, खिडकीपर्यंत गेली. फिकट गुलाबी, वासाचा. मामी त्याला गुलाब म्हणायच्याच नाहीत. "आईला पाणी घालून येते," म्हणायच्या. हे सगळं मी मामांच्याच तोंडून ऐकलेलं. एकटे असले की ते माझ्याशी बोलायचे.

मामांचा कामाचा शेवटचा दिवस आला. सकाळी आम्ही दोघांनी मैदानाच्या कडेच्या पट्टीवर शेवटची फवारणी केली. मामा मला नळाखाली धरणार, तेवढ्यात चिटणीस धावत आले. "मामा, सगळे खोळंबलेत! चहा गार होतोय. भाषणं व्हायचीत."

"एवढा धुतो आणि येतो."

"अहो, आज तरी सोडा! पंप काय पळून जातोय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "नंतर धुतो रे." एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

ते नंतर काही आलं नाही. क्लबच्या मंडळींनी मामांना नकळत एक बेत आखला होता. आठवडाभराने त्यांना घरी भेट पाठवायची, आणि ती म्हणजे मीच! चिटणीसांनी स्वतः बाह्या सरसावून मला बाहेरून घासलं, गर्द हिरवा रंग दिला, खांद्याचे पट्टे नवे शिवून आणले. लाल पट्टा हिरव्या रंगाखाली गेला. पोटात कोणी डोकावलंही नाही. तळाशी औषधाचा चिकट थर होता, नळीत घोटभर शिल्लक होतं. सगळं प्रेमाने केलेलं हो.

मला बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका चकचकीत केलाय म्हणजे आतूनही धुतला असणारच, असं ते धरून चालले. नवा लाल पट्टा ओढायला ब्रशही घेतला, पण त्या चकाकीवर रेघ मारवेना. घरामागच्या खोलीत त्यांनी मला खिळ्याला अडकवलं.

पंधरा दिवसांनी मामा नव्या माळ्याला काम समजावून द्यायला क्लबवर गेले. गुलाबाला कळ्या धरायचे दिवस होते. मामींना पानांवर पातळ खत शिंपडायचं होतं. गुडघे दुखत होते, झारी भरून सारख्या खेपा घालवत नव्हत्या. त्या माझ्यापाशी आल्या. चष्मा लावून त्यांनी माझ्या गळ्याभोवती नीट पाहिलं, बोटही फिरवलं. लाल कुठेच नाही. "धुऊनपुसून दिलाय म्हणजे बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. नवराबायको दोघांनी अगदी एकच चूक केली.

त्यांनी माझ्या पोटात खताचं पाणी ओतलं. मी काय करणार? दांडा अडकवून पाहिला. त्यांनी जोर लावला, दांडा सुटला. मी गुलाबावर बरसलो.

तिसऱ्या दिवशी कोवळे शेंडे वाकले. पानं अरुंद होऊन गुंडाळली, कळ्यांच्या माना पिळल्या. मामी सैरभैर झाल्या. "खत जास्त झालं हो माझ्याकडून! माझ्याच हाताने मी आईला..."

मामांनी ती पिळलेली पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ही मुरड त्यांनी उभ्या जन्मात हजारदा पाहिली होती. ते थेट माझ्याकडे आले, झाकण उघडून वास घेतला आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले.

मला वाटलं, आता जाऊन सांगतील. नाही सांगितलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. मामी जेवेनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझा अंदाज चुकला." आणि मामा मान खाली घालून ऐकायचे. मला त्यांचा असा राग आला! एवढा थेंबाथेंबाचा हिशोबी माणूस, आणि बायकोच्या डोळ्यांतले थेंब दिसत नाहीत?

तिसऱ्या दिवशी मामा मला खांद्याला लावून गुलाबापाशी घेऊन गेले. मामी तिथेच बसल्या होत्या.

"अगं, खत बरोबर होतं," ते म्हणाले. "हा धुतलेला नव्हता. शेवटच्या दिवशी मी नंतर म्हणालो आणि धुतला नाही. पट्टाही मीच ओढला नाही. तुझा दोष नाही. मला परवाच कळलं होतं, पण सांगायचा धीर झाला नाही."

मामींनी उठून माझ्या हिरव्या गळ्यावरून बोट फिरवलं. मग एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस मी रडत होते, आणि तुम्ही बघत होतात?"



त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. मामांनी पिळलेले शेंडे छाटले. रोज सकाळी मुळाशी भरपूर पाणी द्यायचे, आणि मग गुडघ्यावर बसून खोड न्याहाळायचे. मला त्यांनी तीनदा नाही, दहादा धुतलं. मग तळाला तीन भोकं पाडली, पुन्हा कोणी भरूच नये म्हणून. ती भोकं पाडताना म्हणाले, "रागावू नकोस रे." नाही रागावलो. हायसंच वाटलं.

दीड महिन्याने एका सकाळी मामा धावत मागच्या खोलीत आले. त्या पोक आलेल्या पाठीने धावत! "आला रे, कोंब आला! सरळ पानाचा!" मला सांगून झाल्यावर त्यांना भान आलं, की आधी कुणाला सांगायला हवं होतं. तोवर मामी दारात उभ्या होत्या. हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश.

त्यांनी स्वतः माझ्या गळ्याभोवती पट्टा ओढला. पट्टा वाकडातिकडा झाला. मामा काही बोलायला गेले, तर म्हणाल्या, "असू दे. दिसला म्हणजे झालं."

आता मी इथेच लटकतो. पोटाला भोकं, गळ्यात वाकडा लाल पट्टा. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. माझ्यासारखा कोणी तुमच्याकडे असेल, तर वरचा रंग बघून त्याच्यावर विश्वास टाकू नका. आत काय होतं ते विचारा, धुवा, आणि नंतर म्हणू नका.

माझ्या भिंतीपलीकडेच त्यांची भांडी घासायची मोरी आहे. त्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर मामा कपबशा विसळत होते. कितीतरी दिवसांनी मामींचा हसरा आवाज आला.

"अहो, तीनदा हं!"

मामांनी नळ पुन्हा सोडला. मी मोजत होतो. तीनदा धुतल्या.