खणातल्या सहा मीरा

मी एक जुना लाकडी खण आहे, मित्रांनो. टेबलाचा नव्हे, कपड्यांच्या कपाटाचाही नव्हे. ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटाचा. साठ भावंडांत माझा नंबर एकेचाळिसावा. अंगानं लांबट आणि अरुंद, समोर पितळी मूठ, मुठीवर एक चिठ्ठी : 'मि ते मु'. तुमच्यातल्या पुष्कळांनी असा खण पाहिलाही नसेल. पण एके काळी पुस्तक हवं असेल तर आधी आमच्या दारात यावं लागे. प्रत्येक पुस्तकाचं एक जाड कार्ड असे. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव, खाली पुस्तकाचं नाव, कोपऱ्यात फळीचा आकडा. ज्याचं कार्ड नाही ते पुस्तक असून नसल्यासारखं.

मला घडवणारा सुतार कमी बोलायचा. प्रत्येक खण त्यानं प्रत्येक कप्प्यात घालून, ओढून, पुन्हा घालून पाहिला. त्याची बायको डबा घेऊन आली ती वैतागली. "अहो, सरकतोय की! अजून किती गोंजारणार त्याला?"

"सरकतोय गं, पण कुरकुरतोय," तो म्हणाला. "आत कार्डं झोपलेली असणार. त्यांची झोप मोडता कामा नये."

माझ्या स्वभावातला झोपाळूपणा तिथूनच आला असावा.

कार्डं लिहायच्या त्या कार्डवाल्या ताई. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. चष्मा गळ्यात दोरीला, मधल्या बोटाला कायमचा शाईचा डाग, आणि अक्षर मोजून पेरल्यासारखं. कार्ड लिहून झालं की त्या त्यावर हलकी फुंकर घालायच्या, माझी पितळी सळई सोडवायच्या आणि कार्डाच्या तळाच्या भोकातून ती ओवून कार्ड जागेवर बसवायच्या. एकदा ओवलेलं कार्ड वाचकाला चाळता येई, काढता येत नसे.

आता वर्णक्रम हा मोठा मजेशीर गृहस्थ आहे. तो देश बघत नाही, काळ बघत नाही, कोण कुणाच्या ओळखीचं आहे हेही विचारत नाही. अक्षरं जुळली की बसा मांडीला मांडी लावून! त्यामुळे माझ्या पोटात, अगदी मधोमध, मीरा नावाची सगळी बिऱ्हाडं शेजारी शेजारी आली. पहिली मीरा राणी. शेकडो वर्षांपूर्वी राजवाडा सोडून गाणी गात निघून गेलेली. दुसरी नदी, दूरच्या एका देशात समुद्राला मिळणारी. तिसरं गाव, तेही निराळ्याच देशातलं, कालव्याच्या काठचं. त्या गावाला ना राणी माहीत, ना नदी. चौथी मीरा म्हणजे आकाशातला एक तारा. तो महिनोन्महिने नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो आणि मग पुन्हा उजळत येतो. पाचवी एक परदेशी चित्रकार, 'मीरा' एवढीच सही करणारी. तिनं जन्मभर पाणी रंगवलं आणि त्या चित्रांची पुस्तकं केली.

दुपारी वाचकांची वर्दळ ओसरली, पंख्याची घरघर तेवढी उरली, की मला डुलकी लागे. मग नदी त्या अनोळखी गावातून वाहू लागे. राणी काठावर पाय सोडून बसे. चित्रकार तिला म्हणे, "जरा हलू नकोस, बाई." आणि तारा पाण्यात हळूहळू मावळे, तरी कुणी घाबरत नसे, कारण तो परत येणार हे साऱ्यांना ठाऊक असे. एकमेकींच्या त्या कुणीच नव्हत्या. पण मला वाटे, कुणी बाहेरून एकदा "मीरा" अशी हाक मारली, तर पाचही जणी एकदम "ओ" देतील.

एका वर्षी एक नवं पुस्तक आलं. निळ्या पुठ्ठ्याचं, बारकं. नाव 'पाणी शिरू नये म्हणून'. लिहिणारीचं नाव नुसतं मीरा. आत होड्यांची, फळ्यांची, सांध्यांची रेखाचित्रं. अशा वेळी छापखान्याला एक पत्र टाकून विचारायचं, की या बाई कोण, हा ग्रंथालयाचा रिवाज. पण ताई माझ्या संगतीनं थोड्या स्वप्नाळू झाल्या होत्या. त्यांनी पानं उलटली आणि त्यांचे डोळे चमकले. "अगं बाई, ही तर आपलीच चित्रकार! पुन्हा पाणी, पुन्हा चित्रं. शेवटी होडीत बसली म्हणायची, आणि कुणीतरी मराठीतही आणली."

अडचण एकच होती. पुस्तक निघालं तेव्हा चित्रकार जाऊन चार वर्षं झाली होती. त्यावरही ताईंनी तोडगा काढला. कार्डावर वर चित्रकाराचं जन्मसाल, एक रेघ, मृत्युसाल. आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'मरणानंतर प्रसिद्ध'. फुंकर घातली आणि ओवून टाकलं. मी गप्प राहिलो. खणाला तोंड असतं, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

अशी चौदा वर्षं गेली. फळ्या पुस्तकांनी ठासून भरल्या, तेव्हा मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं : बरीच वर्षं कुणी न नेलेली पुस्तकं काढून टाका. यादी झाली, साहेबांची सही झाली, मागच्या आवारात गठ्ठे बांधून पडले. कागद गिरणीचा टेम्पो यायचा होता. फक्त एका कपाटाला हात लावायचा नव्हता. ते गावकऱ्यांचं कपाट. गावातल्या माणसानं लिहिलेलं पुस्तक कुणी वाचो न वाचो, तिथून हलत नसे.

टेम्पो यायच्याच दिवशी, सकाळी, काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. सोबत नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत त्यांची नात. नातीनं माझी मूठ धरून मला ओढलं, कार्डं चाळली आणि तिचं बोट थांबलं.

"आजी, सापडलं गं. 'पाणी शिरू नये म्हणून'. पण..."

"पण काय? वाच की मोठ्यानं."

"पण इथं लिहिलंय की तू मेलीस."

आजींनी जरा विचार केला. "कधी?"

"अठरा वर्षं झाली."

"तरीच. मी म्हणते, गुडघे एवढे गार का पडतात!"

"थांब, नाडी बघते." नातीनं मनगट धरलं. "चालू आहे. जरा जास्तच."

हसणं ऐकून ताईही हसत हसत उठून आल्या. त्यांनी कार्ड पाहिलं, समोरच्या बाईंकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "आजी... मीरा म्हणजे तुम्ही?"

"मी म्हणजे मीच. घाटाजवळचा होड्यांचा कारखाना बापानंतर मी चालवला. चाळीस वर्षं फटींत काथ्या ठोकला, वर डांबर ओतलं. माझ्या होडीत कुणाचे पाय भिजले नाहीत. जे येत होतं ते सगळं त्या पुस्तकात लिहिलं." त्या स्टुलावर टेकल्या. "दोन वर्षांमागं पूर आला आणि घरातल्या सगळ्या प्रती गेल्या. पाणी शिरू नये म्हणून पुस्तक लिहिलं, आणि पुस्तकातच पाणी शिरलं! हसा हसा, सगळे हसतात."

"छापखाना केव्हाच बंद पडला," नात म्हणाली. "कारखाना आता माझी आई बघते. तिला ते मापांचं प्रकरण हवंय. आजीला आता आठवत नाही आणि हातही थरथरतो. म्हणून म्हटलं, इथली प्रत बघून मी आख्खं पुस्तक उतरून काढते."

ताई फळीकडे गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. त्यांचा चेहरा कार्डासारखा पांढरा पडला होता. पुस्तक यादीत गेलं होतं. यादी त्यांनीच केली होती. गावच्या बाईला त्यांनी परदेशी करून ठेवलं होतं, म्हणून ती गावकऱ्यांच्या कपाटात पोचलीच नव्हती. आणि आता जगातली तिची एकुलती एक प्रत आवारात सुतळीनं बांधून पडली होती.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते माझ्या आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही. ताईंनी मला आख्खा उपसला, काखोटीला मारला आणि साहेबांच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवला.

साहेबांनी कार्ड वाचलं. "यादीवर सही झालीय, ताई. परत घ्यायचं तर कारण लागतं. कारण म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे वही."

त्या ग्रंथालयात एक चूक-वही होती. कार्ड चुकलं की ज्याचं त्यानं, आपल्या हातानं, त्या वहीत लिहून सही करायची. ताईंचं पान एकोणीस वर्षं कोरं होतं. कुणी पाहुणा आला की साहेब ते कोरं पान त्याला दाखवत, घरातलं बक्षीस दाखवावं तसं.

ताईंनी ते पान उघडलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. टाक हातात होता, पण खाली येत नव्हता.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी हळूच म्हटलं, "असं करा, छापखान्याची चूक म्हणून लिहा. त्यांनी पूर्ण नाव छापलं नाही. झालं! साप मेला आणि काठीही मोडली नाही. छापखाना बंदच आहे, भांडायला कोण येतंय?"

दारातून आजींचा आवाज आला. "काय ते लवकर लिहा हो. एकदा मेले तेवढं पुरे. दुसऱ्यांदा मरायला मला सवड नाही."

ताईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी लिहिलं, 'दोन निराळ्या मीरा मी एक केल्या. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.' खाली सही. अक्षर नेहमीसारखं नव्हतं, जरा वाकडं आलं. मग मला पुन्हा काखोटीला मारून त्या धावतच मागच्या आवारात गेल्या. मला खाली ठेवायचं भानही त्यांना नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं. केवढं ते! आणि वारा आला. इतकी वर्षं दाटीवाटीनं उभी असलेली कार्डं सळईवर फडफडू लागली. नदीच्या कार्डाला वारा लागला, गावाच्या कार्डावर ऊन पडलं, ताऱ्याचं कार्ड उगाचच मागं-पुढं डोलत राहिलं. मला भोवळ आल्यासारखं झालं. हे खरं की दुपारची डुलकी, ते कळेना.

टेम्पो फाटकात उभा होता. हमालानं निम्मे गठ्ठे चढवलेसुद्धा होते. "बाई, आता उतरवू?" तो कपाळाला हात लावून म्हणाला.

"उतरवा, दादा. सगळे."

सातव्या गठ्ठ्यात निळा पुठ्ठा दिसला. हमाल सुतळी कापायला निघाला तशा आजी काठी टाकून पुढे झाल्या. "कापू नका. दोरी कापणाऱ्याला गाठ कळत नाही." काठीवर थरथरणारे त्यांचे हात गाठीला लागले आणि अगदी स्थिर झाले. गाठ अशी सुटली जशी ती त्यांची वाटच बघत होती. पुस्तक हातात घेऊन त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं छातीशी धरलं. नातीनं मान फिरवली आणि डोळे पुसले.

त्या दुपारी ताईंनी नवं कार्ड घेतलं आणि खुर्ची आजींच्या जवळ ओढून बसल्या. "जन्मसाल सांगा, आजी." जन्म, गाव, धंदा, सगळं विचारून लिहिलं. जन्मसालापुढं रेघ ओढली आणि टाक उचलला.

"आणि रेघेपुढं?" नातीनं विचारलं.

"जिवंत माणसाची जागा मोकळी ठेवतात."

"बरंय," आजी म्हणाल्या. "घाई नाही."

असं माझ्या पोटात सहावं बिऱ्हाड आलं. पुस्तक गावकऱ्यांच्या कपाटात गेलं, नातीनं ते उतरूनही काढलं. दरवर्षी एकदा आजी येत, मला ओढत आणि म्हणत, "बघू, आहे ना मी?"

पुढं कॉम्प्युटर आला. आमचं कपाट तळघरात गेलं. साहेब गेले, ताई निवृत्त झाल्या. मला कुणी ओढेना. लाकूड दमटपणानं फुगलं, मुठीवर हिरवट कळंक चढला. मी तक्रार करत नाही. काळोखात स्वप्नं चांगली पडतात. आता नदीवर होडीही असे, आणि त्या होडीत राणी कोरड्या पायांनी बसलेली असे.

एके दिवशी तळघराचा दिवा लागला. जिना उतरून ताई आल्या, केस सगळे पांढरे. मागं ती नर्स, तीही आता चाळिशीची. ताईंनी मला ओढलं. मी अडलो, मग आलो.

"नक्की कोणतं साल म्हणालीस? नीट सांग."

"याच वर्षी हो, ताई. गेल्या महिन्यात. झोपेतच."

"दाखल्यावरही तेच आहे ना?"

"तेच आहे. पण ताई, हे कार्ड आता वाचणार कोण? कॉम्प्युटरात घातलंय त्यांनी."

ताईंनी चष्मा चढवला, रेघेपुढच्या मोकळ्या जागेत ते साल लिहिलं, आणि फुंकर घातली. पहिल्या वेळी आजींना दुसऱ्याच कुणाचं मरण चिकटलं होतं. हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं. मग त्यांनी मला अलगद आत सरकवलं.

मित्रांनो, जगात नावं थोडी आहेत आणि माणसं फार. तुमच्या नावाचंही कुणीतरी दूर कुठं राहत असेल. एखादी टेकडी असेल, एखादं स्टेशन असेल. त्याचं सुख तुमचं नाही आणि तुमचं दुःख त्याचं नाही. म्हणून नाव ऐकलं की माणूस कळला असं समजू नका. जवळ खुर्ची ओढा आणि विचारा, तुम्ही कोणत्या? विचारायला एक मिनिट लागतं. आमच्या ताईंना चौदा वर्षं लागली.