इंदूबाईंच्या पोटातले गडी

बोंडअळीच्या त्या साली अख्खं गाव कपाशीत अळ्या शोधत होतं, आणि दारव्ह्याजवळच्या इंदूबाई पोटातल्या जंतूंना जेवू घालत होत्या. विहारात आलेल्या डॉक्टरीणबाईंनीच ते डोक्यात भरवलं होतं. बाईच्या अंगातलं वापरून झालेलं हार्मोन बाहेर टाकायचं की परत रक्तात धाडायचं, यात म्हणे पोटातल्या जंतूंचा हात असतो. ते साचलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. म्हणून डाळ, भाजी, ज्वारी खा. पण गाठ लागली तर आधी दाखवा.

इंदूबाईंनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं नाही. कारण छातीत डाव्या बाजूला बोराएवढी गाठ त्यांना आधीच लागली होती, आणि त्यांची पाचावर धारण बसली होती.

मग काय, तिन्ही त्रिकाळ ज्वारी अन् अंबाडी! आरोग्य केंद्राची आशाताई जंताची गोळी घेऊन आली, तर बाई बाजेमागे लपल्या. पोटात राबणारे बिचारे गडी मरतील ना! रोज जेवल्यावर पोटावरून हात फिरवून त्या दटावायच्या, "खाल्लं ना लेकाहो? आता थे गाठ बाहीर फेका."

एकदा ते लेकीनं, दीपमालानं ऐकलं.

"कोणती गाठ, माय?"

"काई नाई व. बाहीरून दिसतबी नाई. कायले दवाखान्यात जायाचं?"

तेवढ्यात श्रावण, म्हणजे इंदूबाईंचा नवरा, शेतातून आला. सुपात हिरवी बोंडं ओतून म्हणाला, "पाह्य, कशे टपोरे हायेत! अळी नाई आपल्या वावरात."

"बाहीरून काय पाह्यता?" इंदूबाई सवयीनं खेकसल्या. "फोडल्याबिगर समजते काय?"

आणि त्यांनी बोंड फोडलं. आत गुलाबी अळी आरामात वळवळत होती. इंदूबाईंचा हात आपसूक डाव्या बाजूच्या गाठीवर गेला. दीपमालानं मायच्या चपला आणून समोर ठेवल्या.

दवाखान्यात सुई टोचून तपासणी झाली. पुढचे आठ दिवस इंदूबाईंना घास गोड लागला नाही, गडीही उपाशीच. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "साधी चरबीची गाठ आहे. पण आलात ते फार बरं केलंत."

बाहेर येऊन इंदूबाई लेकीच्या गळ्यात पडून भर रस्त्यात मोकळेपणी रडल्या. मग पदरानं नाक पुसून थेट हॉटेलात शिरल्या, गरम जिलबीची पुडी घेतली आणि पोटावर थाप मारली.

"लेकाहो, आज तुमाले सुट्टी!"