शिट्टीला उत्तर

नाबोरच्या गावात पुरुषमाणसं तोंडाने कमी आणि शिट्टीने जास्त बोलतात. शिट्टी म्हणजे नुसती हाक नव्हे. त्यांच्या माझातेक बोलीत शब्दाचा अर्धा अर्थ त्याच्या सुरात असतो. ओठांनी तेवढा सूर काढला की दरीपलीकडच्या माणसाशी कॉफीची तोडणी, बायकोचा ताप, काल कोण कुठे पिऊन पडलं, सगळं बोलता येतं. बायकांना त्यातलं सगळं कळतं, पण बाईने शिट्टी वाजवायची नाही असा रिवाज आहे. आणि शिट्टीला उत्तर न देणारा माणूस उर्मट समजला जातो.

अशा गावात नाबोरला मेंदूज्वर झाला. माणूस वाचला, कान गेले.

त्याचा बाप, म्हातारा क्रेसेन्सियो, दरीच्या पलीकडे एकटा राहायचा. बापलेकांचं जे काही बोलणं होतं ते शिट्टीतून. समोरासमोर आले की दोघांनाही विषय सुचायचा नाही. पोरगा बहिरा झाल्यावर मात्र म्हातारा रोज दरी उतरून, पुन्हा चढून यायला लागला. समोर बसायचा, हातवारे करायचा, खांद्यावर थाप मारून हसायचा. पडलेल्या गाढवाची गोष्ट सांगताना तो स्वतःच अंगणात लोळला होता. एवढा बाप नाबोरच्या वाट्याला जन्मात कधी आला नव्हता. पण हे त्या वेड्याला तेव्हा उमगलं नाही. त्याला एकच ध्यास, बापाची शिट्टी पुन्हा ऐकायची.

त्यासाठी तो राजधानीत गेला. डॉक्टरांनी कानामागचं हाड कोरून आत तार बसवली, वरून डोक्याला चिकटणारं यंत्र दिलं. सुरुवातीला माणसं डब्यात खडे वाजवल्यासारखी बोलायची. पण शिकवणारी बाई चिकाटीची होती. तिच्याकडून धडे गिरवता गिरवता स्पॅनिश बोलणं कळायला लागलं, मग फोनवरचंही.

"आणि शिट्टी?" त्याने एकदा विचारलं.

"शिट्टी काय, सगळ्यात आधी ऐकू येते," बाई हसून म्हणाली. तिच्या लेखी शिट्टी म्हणजे हवालदाराची.

तो परतला तेव्हा चौकात अख्खं गाव जमलं होतं. फटाके, मक्याच्या पानात उकडलेले तमाले, दारू. त्याच्या प्रवासासाठी सगळ्यांनीच हातभार लावला होता, त्यामुळे त्याच्या कानांवर सगळ्यांचाच हक्क होता. म्हातारा गर्दीत नव्हता. तो मुद्दाम समोरच्या टेकाडावर जाऊन उभा राहिला होता. तिथून त्याने दोन बोटं तोंडात घातली.

नाबोरला ऐकू आलं. एक सपाट, चरचरीत आवाज, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा. त्यात ना चढ होता ना उतार. यंत्राला बोलणं पकडता येत होतं, सूर नाही. बापाची शिट्टी आली होती आणि तिच्यात बाप नव्हता.

सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. शेजारच्या मेलितोनच्या डोळ्यांत तर आधीच पाणी. काय करणार? कान गेले तरी ओठ शाबूत होते. नाबोरने बोटं तोंडात घातली आणि वाजवलं, "आलो, बा. ऐकलं." लोकांनी एकच गिल्ला केला. टेकाडावर म्हातारा मटकन खाली बसला आणि त्याने टोपीत तोंड लपवलं.

त्या दिवसापासून बापाचं येणं बंद झालं. कशाला येईल? पोरगा आता ऐकत होता. हात पुन्हा खिशात गेले आणि सकाळ-संध्याकाळ दरीवरून शिट्टी येऊ लागली.

नाबोरचं सोंग पहिल्याच आठवड्यात त्याची बायको उबाल्दाने ओळखलं आणि त्याला नीट कळावं म्हणून स्पॅनिशमध्ये विचारलं.

"म्हातारा विचारतो गाय व्याली का, आणि तू सांगतोस हो, दुपारी जेवलो. काय चाललंय काय?"

त्याने सगळं सांगितलं. तिने हातातली तोर्तिया, मक्याची भाकरी, तव्यावर टाकली.

"सांगून टाक त्यांना."

"कसं सांगू? बघितलंस ना कसा रडला तो? पुन्हा रडवू?"

"मग मी मेले की काय करशील?"

पण तिलाही म्हाताऱ्याचं मन मोडवेना. शिट्टी आली की ती चुलीजवळून हाताने खुणा करी आणि नाबोर उत्तर वाजवी. तिला कळायचं पण वाजवता येत नव्हतं, त्याला वाजवता यायचं पण कळत नव्हतं. दोघं मिळून एक धड माणूस होत होता. आज सांगू, उद्या सांगू, कापणी झाली की सांगू, असं करत नाबोर दिवस ढकलत राहिला.

मग एका बाजाराच्या दिवशी उबाल्दा खालच्या गावी गेलेली असताना पलीकडून शिट्टी आली. नाबोर कॉफीच्या झुडपांत तण काढत होता. दिवसाच्या या वेळी म्हातारा बहुतेक घोटभर प्यायला बोलवायचा. शिट्टी जरा लांबली, थांबली, पुन्हा आली. नाबोरने घाम पुसला आणि अंदाजाने वाजवून दिलं, "आत्ता नको, बा. नंतर बघू." पलीकडे सामसूम झाली. बरं निभावलं, असं वाटून तो पुन्हा कामाला लागला.

उबाल्दा परतली ती टोपली आपटतच. वाटेत बायकांनी तिला धरलं होतं.

"तू काय उत्तर दिलंस रे?"

"कशाला?"

"कशाला म्हणे! तुझ्या बांनी विचारलं, पोरा, आता गुडघे चालत नाहीत, एकट्याने चूल पेटववत नाही. तुझ्या घरी राहायला येऊ का? दोनदा विचारलं. आणि तू सांगितलंस आत्ता नको, नंतर बघू. सगळ्या डोंगराने ऐकलं, नाबोर! मेलितोन म्हणतो, यंत्राने कान दिले आणि काळीज काढून घेतलं."

नाबोर तसाच चिखलाच्या पायांनी दरीकडे धावला. बापाच्या दाराला कडी होती. दुपारच्या ट्रकने म्हातारा बोचकं घेऊन लेकीकडे, एदेल्मिराकडे, निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको तिथे पोचली. म्हातारा अंगणात शेंगा सोलत बसला होता. नाबोर त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि एकदाचं सगळं ओकला.

"मला शिट्टी कळत नाही, बा. यंत्र लावल्यापासून कधीच कळली नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही. ही सांगायची तसं मी वाजवायचो. काल ही नव्हती."

म्हातारा बोलला, पण आपल्या बोलीत, मान खाली घालून, हात शेंगांत ठेवून; ओठ दिसेनात, सूर यंत्रात येईना. नाबोरने उबाल्दाकडे पाहिलं.

"ते म्हणतायत, चौकात उत्तर दिलंस ते काय होतं मग?"

"खोटं होतं."

म्हातारा हसला. पोराने तोंडाला साखर लागलेली असताना मी खाल्ली नाही म्हणावं, तेव्हा बाप हसतो तसं. पुन्हा काही बोलला.

"म्हणतात, लाज वाटली तर तसं सांग, बहिऱ्याचं सोंग करू नको. देव कोपेल, पुन्हा कान नेईल. म्हणतात, मी रागावलो नाही. नाही म्हणायचा तुला हक्क आहे. तुझं घर लहान आहे."

"तू सांग ना त्यांना! तू तर बघितलंस!"

"सांगितलं मी. म्हणतात, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार."

नाबोरला रडू फुटलं. इतकं बेमालूम खोटं बोलला होता तो, की खऱ्याला आता कुठे जागाच उरली नव्हती. जे त्याने केलंच नव्हतं त्याची माफी पदरात घालून बापाने एदेल्मिराला कॉफी ठेवायला सांगितलं. घरी चला म्हटलं तर म्हातारा कॉफी गोड झालीय का विचारत होता.

उतरणीच्या वळणावर नाबोर थांबला. वर अंगणात म्हातारा अजून उभा होता. नाबोरने बोटं तोंडात घातली आणि आयुष्यात वाजवली नव्हती एवढी लांब शिट्टी वाजवली. या वेळी अंदाज नव्हता, एकेक शब्द त्याचा होता. "बा, माझ्या घरी चला. मी हात जोडतो, चला."

थोड्या वेळाने वरून उत्तर आलं. तोच सपाट चरचराट, बराच लांबलेला.

नाबोरने उबाल्दाच्या हातांकडे पाहिलं. तिने ते शालीत घेतले होते. तो वाट बघत राहिला. ते बाहेर आले नाहीत.

"चल," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "ट्रक निघून जाईल."