मागून घेतलेले दूध

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. मोखाड्याच्या रस्त्यापासून आत, डोंगरउतारावरच्या एका पाड्यात, मोहाच्या झाडाखाली माझा खुंटा आहे. माझ्या डाव्या कानाला भोक दिसते ना, तिथे एके काळी पिवळा बिल्ला होता आणि त्यावर दोन देशांचे झेंडे होते. बिल्ला कधीच पडला. भोक तेवढे राहिले.

माझी आई इथलीच, काळी आणि काटक. वडील मात्र समुद्रापलीकडच्या एका थंड देशातून विमानाने आलेले, पांढरेशुभ्र. विमानात बसलेला दुसरा बोकड या डोंगरात झाला नाही, हे मी माझ्या नातवंडांना वरचेवर ऐकवते. ते का आले, तेही ऐका. त्या वर्षांत जव्हार-मोखाड्यातली लहान मुले पावसाळा आला की कुपोषणाने दगावत होती. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून आले. तेव्हा त्या देशाने आपल्या सरकारशी करार केला, की ज्या घरात अशक्त मूल असेल त्या घराला त्यांच्या बोकडाच्या वंशाची, भरपूर दूध देणारी एक शेळी द्यायची. हेतू चांगला होता. तो खोटा होता असे मी कधीच म्हणणार नाही.

मोखाड्याला मांडव घालून आमचे वाटप झाले. माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता, तो मी भाषणे चालू असतानाच खाऊन टाकला. मला नवसूच्या हाती दिले. त्याची मुलगी रुपी दीड वर्षाची होती, पण तिचे हात कारवीच्या काडीएवढे होते. माझी सख्खी बहीण नवसूच्या शेजारच्या ढवळूला मिळाली. त्याचा मुलगा बाबल्याही तसाच किडकिडीत.

आषाढात मला दोन करडे झाली, दोन्ही बोकड. कास दुधाने भरून आली. करडांना पुरून उरेल इतके दूध होते. मी वाट पाहत राहिले, पण वाटी घेऊन कोणी आले नाही. या पाड्यात गाईची, म्हशीची, शेळीची धार कोणी कधी काढतच नसे. दूध पिलांचे, ते त्यांच्या तोंडचे काढायचे नाही, अशी इथली पिढ्यानपिढ्यांची रीत. त्यांना अडाणी म्हणू नका, मित्रांनो. दुसऱ्याच्या पिलाचा घास न घेणारी माणसे ती. पण माझी करडे दूध पिऊन पिऊन गुबगुबीत झाली आणि चार हातांवर रुपी भाताच्या पेजेसाठी रडत राहिली. माझी कास ठणकत असे. ते ठणकणे मी अजून विसरलेले नाही.

श्रावणात त्या देशाचे पाहुणे आले. त्यांच्याबरोबर अंगणवाडीच्या मंजुषाताई होत्या. त्यांनी नवसूला विचारले, दूध काढता ना, पोरीला देता ना? नवसूने मान डोलावली. दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे त्याला जमले नाही. ढवळूनेही तशीच मान डोलावली. पाहुणे खूश झाले. त्यांनी माझ्या करडांना उचलून फोटो काढले. रुपी मागे उंबऱ्यावर बसली होती. ती फोटोत आली असेल तर अर्धीच आली असेल.

भाद्रपदात बाबल्या गेला. कुडाच्या एका भिंतीपलीकडे माझी बहीण भरल्या कासेने उभी होती आणि अंगणात बायका रडत होत्या. तिच्याकडे दूध होते, माझ्याकडेही होते. आम्हाला बोलता आले असते तर आम्ही ओरडून सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीची आई, सुकी, हातात वाटी घेऊन माझ्यापाशी बसली. तिने सडाला हात लावला तोच तिच्या सासूने, धाकलीने, मनगट धरले.

"चोरीचा दूध अंगी लागत नाय," धाकली म्हणाली.

"माझी पोर मरल, आये," सुकी म्हणाली. एवढेच म्हणाली. वाटी तिने खाली ठेवली नाही.

धाकलीने हात सोडला नाही आणि झटकलाही नाही. ती तशीच मटकन खाली बसली. ती माझ्या भरल्या कासेकडे पाहत होती. मग तिला आठवले ते ती सांगू लागली. नवसू झाला तेव्हा तिला दूधच आले नव्हते. पाड्यातल्या पुतळी नावाच्या बाळंतिणीकडे तिने पदर पसरला. पुतळीने आपल्या पोराबरोबर नवसूला पाजले आणि त्या दिवसापासून पुतळीची पोरे नवसूची भावंडे झाली. ते दूध चोरीचे नव्हते, मागून घेतलेले होते.

"हिला कुणी इचारलाच नाय," धाकली म्हणाली.

ती आत गेली आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. तिने ते माझ्यापुढे ठेवले. माझ्या दोन्ही करडांना कुंकू लावले, रुपीलाही लावले, आणि माझ्यासमोर पदर पसरला. "माय, तुझ्या दोघांत आमची एक धर." मांडवात माझ्यावर पुष्कळ भाषणे झाली होती, पण माझ्याशी बोलणारी ती पहिलीच. मला पान्हा फुटला. आधी करडे पोटभर प्याली, मग सुकीने धार काढली.

रुपी लगेच बरी झाली नाही. पहिले दूध तिने ओकून टाकले. मग सुकीने ताजे दूध पाणी घालून उकळले आणि बोटाने चाटवत राहिली. दिवाळीला मात्र रुपी माझे शिंग धरून उभी राहिली. नवसू दरवर्षी भिवंडीकडे वीटभट्टीवर जाण्याआधी बोकड विकत असे. त्या वर्षी त्याने दोरी हातात घेतली, माझ्या करडांकडे पाहिले आणि कुरकुरत दोरी परत खुंटीला अडकवली. पोरीचे भाऊ कसे विकणार? तो आणि सुकी भट्टीवर गेले. रुपीला घेऊन धाकली माझ्याजवळ राहिली.

पुढे करार संपत आला आणि पाहुण्यांची जीप क्वचितच येऊ लागली. बहुतेक शेळ्या बाजारात गेल्या. माझी बहीणही गेली. ढवळूला मी दोष देत नाही, तिच्याकडे त्याला बघवत नव्हते.

शेवटच्या खेपेला एक परदेशी बाई आल्या. मी एकटीच कशी राहिले, असे त्यांनी विचारले. धाकली म्हणाली, "तुमी शेळी दिली. दूध तिचा हाय. ता तिलाच मागाया लागतां." मंजुषाताईंनी ते इंग्रजीत सांगितले. त्या बाई माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि चहा होईपर्यंत बसून राहिल्या.

रुपी शाळेत जाऊ लागली. गुरुजींनी भावंडे विचारली, तर तिने दोन भाऊ सांगितले. ते भाऊ शाळेत का येत नाहीत म्हणून गुरुजी घरी आले. नवसूने त्यांना दोन दाढीवाले बोकड दाखवले.

आता धाकली नाही. माझे दात पडले, कास सुकली. जाण्याआधी एकच मागणे आहे, मित्रांनो. कोणाला काही द्याल तेव्हा फोटो काढून निघून जाऊ नका. त्यांच्या अंगणात जरा बसा. त्यांनी मान डोलावली तरी पुन्हा विचारा.

परवा ढवळू आला. त्याच्या कडेवर त्याची लहानगी मुलगी योगिता होती, तिचे हात पाहून मला बाबल्या आठवला. माझी नात सध्या दुभती आहे. शाळेच्या वसतिगृहातून सुट्टीवर आलेल्या रुपीने मूठभर तांदूळ तिच्यापुढे ठेवले, करडांना आणि योगिताला कुंकू लावले आणि ओढणी पसरून आजीचेच शब्द म्हटले. करडे पिऊ लागली. ढवळू वाटी घेऊन उभा राहिला. त्यांची पोटे भरेपर्यंत तो थांबला, मग त्याने वाटी पुढे केली.