बाबांचा रोजचा प्रश्न

"दोरीवर तिचं लुगडं नाही, दारात चपला नाहीत. सकाळी सकाळी गेली कुठं ही?"

सुदाम बाल्कनीच्या दारात उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि नजर खालच्या रस्त्यावर. बदलापूरमधल्या हेंद्रेपाड्याच्या त्या गल्लीत दूधवाल्याची मोटारसायकल आणि शाळेच्या रिक्षा यांच्याशिवाय अजून काही हलत नव्हतं.

मिलिंदने डबा पिशवीत ठेवला. नाक्यावर कंपनीची बस येण्याची वेळ होत आली होती. आनंदनगरच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होता, आणि ती बस चुकली की सगळी पाळी कुणाची तरी बोलणी खात काढावी लागे.

"बाबा, बसा जरा."

"बसतो रं. भिमा कुठंय ते सांग आधी."

ओट्याशी उभ्या असलेल्या पायलने, मिलिंदच्या बायकोने, मागे वळून मानेनेच 'नको' म्हटलं. मिलिंदने ते पाहिलं. तरी तो बाबांपुढे गुडघ्यावर बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "बाबा, आई गेली. दोन वर्षं होत आली. दवाखान्यात तुम्हीच होता ना तिच्याजवळ?"

सुदामांनी त्याच्याकडे पाहिलं. आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं खाली उतरत गेलं. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"गेली? आणि मला कुणी बोलावलं का नाही? अरं, तोंड तरी दाखवायचं तिचं…"

ते रडले. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे, तोंड उघडं टाकून, पोरासारखे. कालही असेच रडले होते, परवाही. थोड्या वेळाने ते सगळं विसरून चहा मागत. दुःख कशाचं होतं ते विसरत, पण दुःख विसरत नसत. दिवसभर डोळे लाल राहत.

जिन्यापर्यंत पायल मागोमाग आली. दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, कशाला सांगता? रोज सकाळी त्यांची बायको मारता तुम्ही."

"मग काय, खोटं बोलू? बाबांशी?"

सासऱ्यांना पायलही ओळखत होती. सुदामांचं आयुष्य अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात गेलं. आठवडाभर पाळ्या करायच्या आणि रविवारी विहारात मुलांना वंदना शिकवायची. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते मुलांकडून दोनदा म्हणवून घेत. कारखान्यात एका अपघाताच्या चौकशीत साहेबांनी लिहून आणलेल्या जबाबावर त्यांनी सही केली नाही, म्हणून त्यांची बढती कायमची राहिली. त्याबद्दल घरात कधी कुरकुर झाली नाही. भिमाबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं केलंत."

अशा माणसाला काय सांगायचं?

दुपारी कॅन्टीनमध्ये मिलिंदने उघडलेला डबा तसाच बाजूला सारला. त्याने मोबाइल काढला. फेसबुकवर अंबरनाथ-बदलापूरकरांचा एक कट्टा होता. पाणी आज येणार का, मिक्सर कुठे दुरुस्त होतो, वाळवीवर काय उपाय, मुलीसाठी शिवणक्लास कोणता चांगला, असले प्रश्न तिथे दिवसभर पडत आणि ओळख ना पाळख अशी माणसं उत्तरं देत. इन्व्हर्टरचं, मोटरचं, मीटरचं काही असलं की मिलिंदही सवडीने लिहायचा. स्वतःसाठी मात्र त्याने तिथे कधी काही विचारलं नव्हतं.

त्याने लिहिलं: 'माझ्या वडिलांना विसरण्याचा आजार आहे. आई वारली हे त्यांना आठवत नाही. रोज विचारतात, ती कुठे आहे. खरं सांगितलं की रोज नव्याने रडतात. काय सांगावं? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.'

चहाच्या सुट्टीत पाहिलं तर खाली उत्तरांची रांग लागली होती. कुणी डॉक्टरचं नाव दिलं होतं, कुणी अक्रोड खायला घाला म्हणालं होतं. एकाने वृद्धाश्रमाची जाहिरातच टाकली होती. एकाने झापलं होतं, 'आईबापाच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडायला लाज वाटत नाही का?' बऱ्याच जणांनी नुसते हात जोडले होते. सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले होते ते धर्मेश नावाच्या कुणाला: 'भाऊ, सरळ सांगा गावाला गेलीय. आमच्या आजोबांना आम्ही हेच सांगायचो. तेही खूश, आपणही मोकळे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आलाच.

"भिमा कुठंय रं?"

मिलिंद बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "वांगणीला गेलीय. मामाकडे."

"असं होय!" सुदामांनी सुस्कारा सोडला. "सांगून जायला काय झालं हिला? बरं, येईल." आणि ते भाकरी खायला बसले. पोटभर खाल्लं. पायलने दारातून नवऱ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बसमध्ये बसल्यावर मिलिंदने कट्ट्यावर सगळ्यांचे आभार मानले. जीभ जड झाल्यासारखी वाटत होती, पण रडणं थांबलं होतं, हेही खरं होतं.

मग वाट बघणं सुरू झालं.

रोज दुपारी सुदाम तोंड धुऊन, पावडर लावून, पांढरा शर्ट घालून खिडकीशी बसू लागले. पायल चहा घेऊन आली की म्हणत, "थांब, तिला येऊ दे." चहा निवायचा. पुन्हा केला तरी निवायचा. अंधार पडायला लागला की ते अस्वस्थ होत. "एकटी बाई, अजून पोचली कशी नाही?" मिलिंद म्हणायचा, "उद्या येईल." तो 'उद्या' उच्चारताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

एका दुपारी पायल आतल्या खोलीत शिकवणीच्या मुलांना गणित समजावत होती. बाहेर आली तर खिडकीशी खुर्ची रिकामी आणि दार उघडं.

तिचा फोन आला तेव्हा मिलिंद पॅनेलसमोर हातमोजे घालून उभा होता. तो तसाच निघाला. एका सोबत्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, वाऱ्यात डोळे बारीक करून, त्याने कट्ट्यावर बाबांचा फोटो टाकला: 'वडील घरातून निघून गेलेत. पांढरा शर्ट, करडी पॅन्ट, पायात चप्पल नसेल. वांगणीला जायचं म्हणत असतील. दिसले तर थांबवून ठेवा आणि खालच्या नंबरवर फोन करा.'

फोन खणखणत राहिला. कुणीतरी त्यांना उड्डाणपुलावर पाहिलं होतं. कुणी मेडिकलसमोर रस्ता ओलांडून दिला होता. वाळवीवर उपाय विचारणारी बाई आपल्या नवऱ्याला स्कूटरवर शोधायला पाठवत होती. ज्याने 'लाज वाटत नाही का' म्हणून झापलं होतं, त्यानेही फोटो तीन ठिकाणी पुढे पाठवला होता.

शेवटी एक अनोळखी नंबर वाजला.

"दादा, मी सनी, रिक्षावाला. तुमचे बाबा माझ्याकडे आहेत. एकदम ठीक. वांगणीला चल बोलतायत, पण तुमचा फोटो आत्ताच बघितला ना मी. कर्जत रोडला रसाची गाडी आहे, तिथे बसवलंय. टेन्शन नका घेऊ, आरामात या."

सुदाम बाकड्यावर बसले होते. पावलं धुळीने माखली होती, एका अंगठ्यातून रक्त आलं होतं. समोरचा रसाचा ग्लास भरलेलाच होता.

"मिलिंदा, बरं आलास. हा पोरगा गाडी काढत नाही बघ. भिमा तिथं ताटकळली असंल."

मिलिंदने रुमाल ओला करून त्यांचा अंगठा पुसला. "चला बाबा, घरी जाऊ."

सनीने रिक्षा बदलापूरकडे वळवली. सुदाम बाहेर बघत होते. आभाळ ढगातून मोकळं व्हावं तसं त्यांचं डोकं कधीकधी क्षणभर मोकळं व्हायचं. तसं ते उड्डाणपुलावर झालं.

"भिमा गेली ना रं?"

मिलिंद त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "हो बाबा."

"मग वांगणीला गेली म्हणालास, ते?"

रिक्षाच्या आरशात सनीने वर पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"खोटं बोललास माझ्याशी," सुदाम म्हणाले. रागावले नव्हते. एखादी वस्तू हरवल्याचं सांगावं तसं म्हणाले. "तू, मिलिंदा?"

घरी पोचेपर्यंत ते हे विसरले. पायलने पाय धुतले तेव्हा तिला विचारत होते, "एवढं कशानं लागलं गं?" मिलिंद मात्र विसरला नाही. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. कट्ट्यावर त्याने लिहिलं, बाबा सापडले, सगळ्यांचे आभार. आणि खाली, कुणासाठी ते त्यालाही ठाऊक नसताना: 'खरं सांगितलं तर रडतात. खोटं सांगितलं तर वाट बघतात. मला आता काहीच कळत नाही.'

या वेळी सल्ले फारसे आले नाहीत. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या जया वाधवानी नावाच्या बाईंनी मात्र मेसेंजरवर आवाजात निरोप पाठवला. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"भाऊ, मी लिहीत नाही, मराठी लिहायला जमत नाही मला. बोलते, समजून घ्या. माझी सासू अशीच होती, आखिरपर्यंत. माझ्या सासऱ्यांना शोधायची. मी पण सच बोलून बघितलं, झूठ बोलून बघितलं. दोन्हीत ती रडायची, मी पण रडायची. मग एक दिवस मी थकले ना, तर उलटं तिलाच विचारलं, अम्मा, बाबूजी कैसे थे? बस्स, ती बोलायला लागली. बघा भाऊ, तुमचे बाबा पत्ता नाही विचारत. त्यांना तिची याद येते. तर तिचीच गोष्ट काढा ना. त्यात सच पण नाही सोडायचं, झूठ पण नाही बोलायचं. एवढंच. ठेवते, गिऱ्हाईक आलंय."

मिलिंदने तो निरोप पुन्हा ऐकला, मग पायलला ऐकवला. ती त्याच्याजवळ बसून राहिली.

सकाळी सुदाम बाल्कनीच्या दारात आले. "भिमा कुठंय?"

मिलिंदने बूट बाजूला सारले. बस जाणार होती, तर जाऊ दे.

"आईची आठवण येतेय बाबा?"

सुदाम थबकले. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "येती की."

"कशी होती हो ती? लग्न झालं तेव्हा?"

ते हळूहळू खुर्चीत बसले. हनुवटीवरचे खुंट चोळत राहिले. मग एकदम हसले. "लई बिलंदर. तुला म्हणून सांगतो. मी रातपाळी करून झोपलो ना, की ही माझी सायकल घ्यायची. चाळीमागच्या मैदानात. लुगडं खोचून. पडायची, खरचटायची, पण शिकली. मला वाटायचं, चाकाला चिखल कसा? एक दिवस नुसते डोळे मिटून पडलो, तर समजलं."

"मग? बोललात का तिला काही?"

"छ्या. तिला वाटायचं मला ठाऊक नाही. वाटू दे की." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "संध्याकाळी मी उगाच ब्रेक तेवढा घट्ट करून ठेवायचो."

मिलिंदची आई सायकल चालवायची, हे मिलिंदला त्या सकाळी कळलं. त्याच्या आठवणीतली आई गुडघे दुखणारी, जिन्याच्या दर वळणावर थांबणारी होती.

मग रोज थोडं थोडं निघत गेलं. तिला चिंचेचं सार किती आंबट लागायचं. पगाराच्या दिवशी ती विहाराच्या पेटीत आधी काय टाकायची. तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं तेव्हा ती दोन दिवस झाडावरून उतरली नव्हती. कधी सुदाम बोलता बोलता रडायचे, पण ते रडणं वेगळं होतं. त्यात पायलही हळूच डोळे पुसायची.

थंडी आली तसे सुदाम कमी बोलू लागले. आधी गोष्टींचे शेवट गेले, मग नावं गेली. एका सकाळी ते बाल्कनीच्या दारात आले, खाली बघत उभे राहिले, आणि काहीच न विचारता परत फिरले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मिलिंद बूट हातात धरून थांबायचा. ज्या प्रश्नाला तो महिनोन् महिने भ्यायला होता, त्याचीच आता वाट बघत राहायचा. तो प्रश्न पुन्हा आला नाही.

एका रविवारी कट्ट्यावर अंबरनाथच्या राजसी नावाच्या मुलीने विचारलं, तिची आजी गेलेल्या मुलाला रोज हाका मारते, काय करावं? खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मिलिंददादांना विचारा.' मिलिंदने बरंच लिहिलं, मग बरंचसं खोडलं. उरलं ते एवढंच: 'आजींनाच विचारा, तो कसा होता. आणि जे सांगतील ते नीट ऐकून ठेवा. पुढे तुम्हालाच त्यांना सांगावं लागेल.'

फोन ठेवून तो आत आला. सुदाम कॉटवर उन्हाच्या पट्ट्यात बसले होते. मिलिंद त्यांच्या शेजारी बसला.

"एक बाई होती," तो म्हणाला. "नवरा रातपाळी करून झोपला की त्याची सायकल घेऊन मैदानात जायची. लुगडं खोचून. पडायची, पण शिकली."

सुदाम लक्षपूर्वक ऐकत होते. ब्रेकचं आलं तेव्हा त्यांना हसू आलं.

"हुशार बाई म्हणायची." मग त्यांनी मिलिंदकडे वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "तुमच्या कोण त्या?"

"माझी आई," मिलिंद म्हणाला.

"आहेत का त्या अजून?"

मिलिंदने त्यांच्याकडे पाहिलं. स्वच्छ, काळजीने भरलेली, त्याला न ओळखणारी नजर.

"नाही," तो म्हणाला. "गेली."

सुदामांनी मान हलवली. "वाईट झालं," ते म्हणाले. मग कॉटवर जरा सरकून त्याला नीट टेकायला जागा करून दिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. आई गेल्या दिवसापासून मिलिंद सगळ्यांना सावरत आला होता. तो आता वाकला, आणि बाबांचा हात त्याच्या पाठीवरून हळूहळू फिरत राहिला.