थोरल्याची बॉडी, धाकट्याची चेसी

मी एक जुनी चेसी आहे. मोटारीच्या पोटाखाली लोखंडाची जी शिडी असते, ती मी. मित्रांनो, मोटारीसोबत सगळे फोटो काढतात, पण माझा कुणी काढत नाही. त्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि आडवा झालेला माणूस फोटो काढत नाही, घोरतो.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हैदराबादेला निघालेल्या एका जहागीरदारानं मला औरंगाबादेत नानासाहेबांना विकलं. तेव्हा माझ्यावर हिरवीगार बॉडी होती. ती वर मिरवायची, मी खाली खड्डे सोसायची. आमचा संसार चांगला चालला होता. खुलताबादच्या शेताकडे जाताना नानासाहेब गाडी चालवत. मागच्या गादीवर मनकर्णाबाई आणि त्यांची दोन पोरं, कारभारी आणि बद्रीनाथ. घाट आला की पोरं खिडकीवरून भांडायची. मग मनकर्णाबाई दोघांनाही मांडीवर ओढून घ्यायच्या आणि खिडकी रिकामीच राहायची.

नानासाहेब गेले आणि वाटण्या निघाल्या. रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. जमीन झाली, भांडी झाली. आईचेसुद्धा वाटे झाले: सहा महिने थोरल्याकडे खुलताबादला, सहा महिने धाकट्याकडे मुकुंदवाडीला. राहिली गाडी. वडिलांची आठवण म्हणून ती विकायला दोघंही तयार नव्हते. तेव्हा कारभारीनं शांतपणे गाडीचेही दोन वाटे पाडले. वरचा आणि खालचा. धाकट्यानं वरचा उचलावा म्हणून त्यानं दिवसभर बॉडी घासून लख्ख केली.

बद्रीनाथ म्हणाला, "इंजिन खाली हाय ना? मग खालचा माझा."

बोल्ट सुटले. बॉडी बैलगाडीत बसून खुलताबादला गेली. जाताना तिचं एक दार उघडं हलत होतं.

पुढं तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. इकडे माझं इंजिन काढून विहिरीवर बसवलं. कडबा जास्त मावावा म्हणून मला मधोमध कापून हातभर लांब केलं आणि ट्रॅक्टरमागे जुंपलं. पाणी भरपूर आलं, कडबा भरपूर गेला. माझी विचारपूस करावी असं काही त्यात नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी मनकर्णाबाई खंगल्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "मला एकदा तुमच्या बापाच्या गाडीत शेतावर न्या. पुढं तुम्ही दोघं बसा. मग मी काय मागत नाय."

आश्चर्य म्हणजे दोघंही हो म्हणाले. मुकुंदवाडी स्टेशनजवळ कडूबा वेल्डरचं शेड होतं. तिथं मला ओढत आणलं. बॉडी टेम्पोतून आली, एका खुडूक कोंबडीसकट. गाडी ट्रॅक्टरनं ओढायची ठरली. मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून, दशम्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन सकाळपासून खाटेवर बसल्या होत्या.

कडूबानं लिंबाच्या फांदीला चेनपुली लावून बॉडी हळूहळू खाली सोडली. इतक्या वर्षांनी ती माझ्या अंगाला टेकली. पुढचे बोल्ट बसले. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत.

मागचे बोल्ट बसेनात.

"मालक, चेसी हातभर वाढलीय," कडूबा म्हणाला. "ती कापावी लागंल. नाय तर बॉडी मधून कापून पत्रा जोडायचा."

"बॉडीला हात लावायचा नाय," कारभारी म्हणाला. "बापाची निशाणी हाय."

"तिच्यात कोंबड्या कोंडल्या तव्हा निशाणी नव्हती व्हय, दादा?"

"अन् तू बापाचं इंजिन विहिरीवर बसवलं, ते?"

"ते पाणी देतंय! तुझ्या बॉडीनं काय दिलं?"

"अंडी," कडूबा मध्येच म्हणाला.

"तू चेसी काप, बद्री."

"कापतो की. मग कडबा तुझ्या डोक्यावर देतो. नेशील?"

मित्रांनो, मी जिवाच्या आकांतानं सांगत होते, कापा मला. हातभर काय, दोन हात कापा. पण चेसीचं कोण ऐकतं?

"आरं, नुसती बसू द्या रे मला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मागचं नाय बसलं तर नाय बसलं."

"माय, तू मधी पडू नको," दोघंही एका सुरात म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

उन्हं उतरली. मनकर्णाबाईंनी गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली. "शेत राहू द्या. मला घरी सोडा."

रिक्षा आली. पाठोपाठ दुसरीही आली. एक कारभारीनं बोलावलेली, एक बद्रीनाथनं. "माझ्याकडं चल," थोरला म्हणाला. "माझ्याकडं," धाकटा म्हणाला. मनकर्णाबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही रिक्षांच्या मधून त्या चालू लागल्या. गुडघ्यावर हात टेकत, रस्त्याच्या कडेकडेनं. त्यांच्या मागे पायी चालण्याच्या वेगानं दोन रिक्षा, आणि एकेकीत एकेक मुलगा.

गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या वर्षीच त्या गेल्या. कडूबानं पुढचे बोल्टही सोडले. बॉडी कोंबड्यांकडे परत गेली, मी कडब्याकडे.

मित्रांनो, माझ्या हातभर लोखंडापायी त्या बाईला एकदा टेकायलाही मिळालं नाही. तुम्ही मोठे झालात, की तुमच्याकडेही काहीतरी वाटायला येईल. बोल्ट खुशाल सोडा. पण त्याआधी एवढं विचारून घ्या, की मागच्या गादीवर अजून कुणी बसलंय का.